माळव्याची कोरडी हवा आणि रेडिओची खरखर

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून काही महिने राहिला होता, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेल. बागा, मोटारी, पाहुण्यांचा बंगला यांच्या जोडीने संस्थानचे वीजघरही त्याच्याच देखरेखीखाली होते. त्याची त्या काळातली पत्रे पुढे १९५३ साली ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात आली. त्यात राजवाड्यातल्या कोऱ्या पियानोंची हकिकत आहे. हवेच्या कोरडेपणाने त्यांच्या चौकटी तडकल्या होत्या आणि एकही धड वाजत नव्हता. पुढे १९४८ साली क्षयाने ग्रासलेले कुमार गंधर्व देवासला राहायला आले, तेही याच कोरड्या हवेसाठी. जी हवा पियानोला सोसली नाही ती गवयाच्या छातीला मानवली!

पवारांच्या दोन पात्या, धारची गादी आणि राजा भोज यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. या हवेने विजेच्या उपकरणांची जी खोडी काढली, तिची नोंद मात्र कोणी फारशी घेतली नाही.

खोडी साधीच आहे. दोन वस्तू घासल्या की त्यांवर विद्युतभार जमतो. हवा दमट असेल तर वस्तूच्या अंगावर पाण्याचा अतिसूक्ष्म थर असतो आणि त्यावाटे भार गुपचूप निसटून जातो. हवा कोरडी असली की तो साठत राहतो आणि वाट सापडताच ठिणगी होऊन उडी मारतो. पौष-माघात नायलॉनचा स्वेटर काढताना होणारी चटचट ती हीच.

हिचा खरा त्रास झाला तो रेडिओवाल्यांना. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, नागपूरचे १९४८ त, पुण्याचे १९५३ त. आणि इंदूरचे २२ मे १९५५ रोजी. म्हणजे तोवर धार-देवासच्या मराठी घरांना मराठी शब्द ऐकायचा तर शेकडो मैलांवरून येणाऱ्या क्षीण लहरींवरच भिस्त ठेवावी लागे. मध्यम लहरींवर आवाज लहरीच्या उंचीत साठवलेला असतो. त्यामुळे जवळपास कुठेही ठिणगी पडली की ती उंची बिघडते आणि कर्ण्यातून खरखर ऐकू येते. अमेरिकेत आर्मस्ट्राँगने १९३३ साली एफ. एम. पद्धतीचे पेटंट मिळवले ते हीच खरखर घालवण्यासाठी, पण ती पद्धत आपल्याकडे पोचायला १९७७ साल उजाडले, तेही मद्रासमध्ये.

तेव्हा उपाय राहिले दोन, उंच एरिअल आणि चांगले अर्थिंग. अर्थिंगसाठी खड्डा खणून त्यात तांब्याची पट्टी, भोवती कोळसा नि मीठ, वरून पाणी. इथे माळव्याची काळी माती आडवी येते. ओली असताना ती विजेला उत्तम वाट देते. पण वैशाखात आकसते, भेगाळते आणि पट्टीपासून सुटून उभी राहते. खड्ड्यात बादली ओतली की आवाज सुधारतो, हे त्यामागचे इंगित. उन्हाळ्यात धुळीचे कण तारेवर आपटून एरिअल भारित करीत, तेव्हाच माती रुसलेली. पावसाळ्यात माती ओली, तर आभाळातच विजांचा धुमाकूळ. दोन्ही सुखे एकदम कधी लाभलीच नाहीत.

एरिअल आणि अर्थ यांच्यामध्ये वीजरोधक बसवीत. त्यात पितळेच्या दोन दातेरी पट्ट्या असत, दात दातासमोर आणि मध्ये केसभर फट. यातले शास्त्र फ्रँकलिनने अठराव्या शतकातच दाखवून दिले होते. टोकदार धातूपाशी विद्युतक्षेत्र एकवटते आणि तिथून भार हवेत झिरपतो. म्हणून भार घालवायचा असेल तर टोक ठेवावे, नको असेल तर गोलाई द्यावी. मोटारीच्या एरिअलच्या शेंड्यावर बारीक गोळी असते, ती डोळ्याला इजा होऊ नये म्हणून असते तशीच टोकातून भार झिरपून खरखर उठू नये म्हणूनही असते. (धारच्या लाट मशिदीजवळ तीन तुकड्यांत पडलेल्या लोहस्तंभाला कुणी वीजरोधक म्हटले तर हसून सोडून द्यावे, त्याला आधार नाही.)

पुढे धार जिल्ह्यातच पीथमपूर उभे राहिले आणि ऐंशीच्या दशकात तिथून कायनेटिक होंडा स्कूटर बाहेर पडू लागल्या. कुठल्याही पेट्रोल इंजिनाच्या स्पार्क प्लगमध्ये दोन इलेक्ट्रोड असतात आणि त्यांच्यामधली फट मिलिमीटरच्या आसपास. प्रत्येक ठिणगी म्हणजे एक चिमुकले प्रक्षेपण केंद्रच! दारावरून दुचाकी गेली की दूरदर्शनच्या पडद्यावर ठिपक्यांची रेघ उमटे, ती त्यामुळे. त्यावर उतारा म्हणून प्लगच्या पोटात किंवा टोपीत सुमारे पाच हजार ओहमचा रोध घालतात. ठिणगी पडते, पण तिचा प्रवाह एकदम उसळत नाही आणि गोंगाट दबतो.

देवासला सत्तरच्या दशकात बँक नोट प्रेस आली. छपाईच्या धंद्यात कोरडी हवा हा जुनाच शत्रू. कागद भारित होऊन एकमेकांना चिकटतात आणि यंत्रात दोन-दोन शिरतात. म्हणून छापखाने हवेतला दमटपणा सांभाळतात आणि कागदाच्या वाटेवर सुयांची रांग बसवतात. फ्रँकलिनचेच टोक ते. सुयांपाशी हवा आयनित होते आणि कागदावरचा भार फिटतो.

आजच्या सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक भागांना तर जरासाही भार पुरतो. माणसाला ठिणगी बोचायला सुमारे तीन हजार व्होल्ट लागतात; काही भाग शंभराच्या आतच जळतात, म्हणजे हाताळणाऱ्याला कळतही नाही. म्हणून जोडणी करणाऱ्या कामगाराच्या मनगटाला वाहक पट्टा बांधून तो अर्थला जोडतात. ती तार थेट जोडत नाहीत. वाटेत दहा लाख ओहमचा रोध असतो. भार सावकाश उतरावा, आणि चुकून चालू तारेला हात लागलाच तर माणूस वाचावा, अशी ती सोय आहे.