न्यू लंडनचं गुलाबी घर

पेपरातलं महापालिकेचं पान आपल्यापैकी किती जण वाचतात? 'अमुक आराखड्यास सर्वसाधारण सभेची मंजुरी' असं काही दिसलं की डोळे आपोआप खालच्या क्रिकेटकडे वळतात. अशाच एका रटाळ मंजुरीतून निघालेली केस २००५ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. आज तिच्याबद्दल लिहितोय.

शहर आहे न्यू लंडन, कनेक्टिकट राज्यातलं. नावाला शोभेल अशी थेम्स नावाची नदीपण आहे तिथे! देवमाशांच्या शिकारीवर श्रीमंत झालेलं हे बंदर पुढे नौदलाच्या आधाराने जगत राहिलं. १९९० साली राज्य सरकारने त्याच्यावर 'डबघाईला आलेलं शहर' असा अधिकृत शिक्का मारला. १९९६ मध्ये नौदलाचं तिथलं पाणबुडी संशोधन केंद्र बंद झालं आणि दीड हजारांवर नोकऱ्या गेल्या. १९९८ पर्यंत बेकारी राज्याच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट झाली होती आणि लोकसंख्या २४ हजारांच्याही खाली आली होती. आपल्याकडच्या दोन-तीन मोठ्या टाऊनशिप मिळून एवढी माणसं सहज होतात.

अशा गावाच्या वेशीवर फेब्रुवारी १९९८ मध्ये फायझर कंपनी येऊन उभी राहिली (हो, वायग्रा बाजारात आणली तेच वर्ष). ३० कोटी डॉलरचं संशोधन केंद्र बांधू म्हणाली. नगरपालिकेला काय वाटलं असेल, याची कल्पना करायला फार डोकं लागत नाही. शिवाय त्या केंद्रावरच्या मालमत्ता करात दहा वर्षांची घसघशीत सूटही देऊन झाली.

केंद्राच्या शेजारी फोर्ट ट्रम्बुल नावाची जुनी, साधी वस्ती होती. तिथे ९० एकरांचा आराखडा आखला गेला: हॉटेल, ऑफिसं, नवी घरं, नदीकाठाने पायवाट. यातून हजारावर नोकऱ्या निर्माण होतील, कर वाढेल आणि मरगळलेल्या डाउनटाउनमध्ये पुन्हा जान येईल, असं सांगण्यात आलं. हे काम न्यू लंडन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन नावाच्या खाजगी, ना-नफा संस्थेकडे दिलं गेलं. लोकांनी तिला निवडून दिलेलं नव्हतं आणि तिच्या संचालकांमध्ये फायझरचे एक वरिष्ठ अधिकारीही होते. जानेवारी २००० मध्ये सिटी कौन्सिलने आराखडा मंजूर केला आणि शहराच्या नावाने सक्तीने जमीन घेण्याचा अधिकारही याच संस्थेला देऊन टाकला. मला विचाराल तर गोष्टीतली खरी गोम इथे आहे, कोर्टात नाही. ज्यांना मतं मागायला दारात यावं लागतं त्यांनी घर पाडायचा अधिकार ज्यांना दारात यावंच लागत नाही त्यांच्या हातात दिला.

बहुतेकांनी घरं विकली. नऊ जणांनी नकार दिला. त्यात सुझेट कीलो होत्या. १९९७ साली त्यांनी नदी दिसते म्हणून एक छोटं घर घेतलं होतं, त्याला गुलाबी रंग दिला होता. आणि विल्हेल्मिना डेरी होत्या. या बाई १९१८ साली त्याच घरात जन्मल्या आणि आयुष्यभर तिथेच राहिल्या. या घरांना कोणी झोपडपट्टी किंवा मोडकळीला आलेली घरं म्हणत नव्हतं, शहरसुद्धा नाही. ती फक्त आराखड्याच्या आड येत होती. गंमत म्हणजे त्याच भागातला 'इटालियन ड्रॅमॅटिक क्लब', जिथे राजकारण्यांची ऊठबस असायची, तो मात्र आराखड्याच्या आड आला नाही. हे वाचून कुणाला आपलं गाव आठवलं तर मी जबाबदार नाही.

अमेरिकेच्या घटनेप्रमाणे सरकार 'सार्वजनिक वापरासाठी' योग्य मोबदला देऊन जमीन घेऊ शकतं. रस्ता, धरण, शाळा इथपर्यंत ठीक. पण एकाची जमीन काढून खाजगी बिल्डरला द्यायची (इथे वर्षाला १ डॉलर भाड्याने, ९९ वर्षं!), का तर तो जास्त कर भरेल, हा सार्वजनिक वापर झाला का? २३ जून २००५ ला कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी 'हो' म्हटलं. न्या. स्टीव्हन्स यांचं म्हणणं साधारण असं: आर्थिक विकास हाही सार्वजनिक हेतूच, आणि नीट विचार करून केलेल्या आराखड्यात कोर्टाने नाक खुपसू नये. न्या. ओ'कॉनर यांनी विरोधात लिहिलं की मग कोणाचीच मालमत्ता सुरक्षित नाही, तुमच्या जागेचा जास्त 'चांगला' उपयोग करणारा कोणीतरी नेहमीच सापडेल. न्या. थॉमस यांनी आठवण करून दिली की अशा योजनांची झळ नेहमी गरिबांना आणि कृष्णवर्णीयांना बसत आलीय.

कायद्याच्या दृष्टीने स्टीव्हन्स फार चुकले असं नाही. १९५४ पासूनचे निकाल त्यांच्याच बाजूने होते. पण लोक भडकले, डावे-उजवे सगळेच. पुढच्या काही वर्षांत ४० हून अधिक राज्यांनी आपापले कायदे कमी-जास्त कडक केले. आपल्याकडे १८९४ च्या भूसंपादन कायद्यातही कंपन्यांसाठी जमीन घ्यायची सोय होती. २०१३ च्या कायद्याने खाजगी कंपनीसाठी ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक केली.

आणि तो आराखडा? आमच्या धंद्यात एकाच क्लायंटच्या भरवशावर टीम वाढवली की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये, वायेथ विकत घेतल्यावर, फायझरने न्यू लंडनमधून बाहेर पडायचं जाहीर केलं. चौदाशेच्या आसपास नोकऱ्या जाणार होत्या, त्यातल्या बऱ्याच नदीपलीकडच्या ग्रोटनला. करसवलतीची दहा वर्षंही तेव्हा संपतच आली होती. कंपनीची इमारत २०१० मध्ये पाणबुड्या बांधणाऱ्या इलेक्ट्रिक बोटने ५.५ कोटी डॉलरला घेतली. म्हणजे फिरून नौदलच!

घरं पाडलेली जमीन मात्र तशीच पडून राहिली. बिल्डरला पैसा उभा करता आला नाही. गवत वाढलं, भटक्या मांजरांनी मुक्काम ठोकला. २०११ मध्ये आयरीन वादळात पडलेल्या झाडांच्या फांद्या टाकायला शहराने तीच जागा वापरली. योजनेवर तोवर कोट्यवधी डॉलर सरकारी पैसा खर्च झाला होता. त्याच वर्षी न्यू लंडनकरांनी कित्येक दशकांनी थेट मतदानाने मेयर निवडला. त्याआधी कौन्सिलर आपापसातच मेयर ठरवायचे आणि कारभार नेमलेला सिटी मॅनेजर बघायचा. तिथे नव्या बांधकामाच्या गोष्टी खऱ्या अर्थाने सुरू व्हायला २०२० चं दशक उजाडलं.

विल्हेल्मिना डेरी २००६ मध्ये वारल्या, आपल्याच घरात. सुझेटबाईंनी २००६ मध्ये तडजोड केली आणि न्यू लंडन सोडलं. त्यांचं गुलाबी घर सुटं करून २००८ मध्ये डाउनटाउनजवळ फ्रँकलिन स्ट्रीटवर पुन्हा उभं केलं गेलं. आराखड्याने ज्या डाउनटाउनमध्ये जान आणायची होती, त्याच्याजवळ त्या वस्तीतलं हे एक घर पोचलं.