फुग्याच्या पिपाणीचं घराणं

स्कॉटलंडचा बॅगपाइप आणि माळेगावच्या यात्रेत मिळणारी फुग्याची पिपाणी ही एकाच घराण्यातली वाद्यं आहेत, असं मी म्हणालो की अर्धापुरातली माणसं आधी माझ्या तोंडाकडं बघतात. मग मी पिपाणी हातात घेऊन दाखवतो. बोटभर लांबीची नळी, तिच्या एका टोकाला दोऱ्यानं करकचून बांधलेला फुगा आणि नळीच्या आत बसवलेली पातळ पत्ती. नळीत फुंकून फुगा भरायचा आणि तोंड बाजूला काढायचं. फुगा आकसायला लागतो, आतला वारा पत्तीवरून बाहेर पडतो, पत्ती थरथरते आणि पिपाणी केकाटत सुटते. फुंकणाऱ्याचा दम केव्हाच संपलेला असतो, तरी वाद्य वाजतच राहतं. बॅगपाइपचं मर्म तेवढंच आहे. वारा आधी साठवायचा, आणि सूर त्या साठ्यावर चालवायचा.

फरक आहे तो दाबाचा. फुग्यातला वारा कमी होत जातो तसा पिपाणीचा आवाज डळमळतो आणि शेवटी रडका होऊन बसतो. बॅगपाइपवाल्याची पिशवी काखेत असते. तो श्वास घ्यायला थांबला की त्याचा दंड पिशवी दाबतो. तो फुंकायला लागला की दंड सैल होतो. फुंकणीच्या आतल्या टोकाला एक झडप असते, त्यामुळं वारा परत तोंडाकडं येत नाही. दंड आणि फुफ्फुस यांची ही आलटापालट इतकी बेमालूम साधावी लागते की ऐकणाऱ्याला सांधा कळता कामा नये. नवशिक्याची बरीच मेहनत नुसता सूर सरळ धरण्यात जाते.

आता वाद्याच्या पोटात बघू. मी या विषयात ओढला गेलो तो इथंच. स्कॉटिश बॅगपाइपला चाल वाजवायची एक नळी असते. ती आतून निमुळती, खाली रुंद होत जाणारी, आणि तिच्या तोंडाशी दोन पात्यांची जोडपत्ती. म्हणजे ती सनईच झाली. आपल्या सनईलाही निमुळती नळी आणि जोडपत्तीच असते. सनईवाला जादा पत्त्या आणि पत्तीचं तोंड नीट करायची सुई दोऱ्यानं सनईलाच लटकवून ठेवतो, कारण पत्ती ओठातल्या ओलाव्यानं बिघडते. बॅगपाइपची पत्ती पिशवीच्या आत, ओठांपासून दूर.

त्याच पिशवीला खांद्यावर टेकवलेल्या आणखी तीन नळ्या असतात. त्या एकच सूर धरून बसतात. दोन नळ्या चालीच्या मूळ सुराच्या एक सप्तक खाली आणि तिसरी दोन सप्तकं खाली. या नळ्या आतून सरळ असतात आणि त्यांची पत्ती एकेरी. पारंपरिक पद्धतीत पोकळ काडीलाच चीर देऊन जीभ सुटी केलेली असते. अशी पत्ती आपल्याकडं कुठं असते? गारुड्याच्या पुंगीत. वाळवलेला भोपळा, त्यात मेणानं बसवलेल्या दोन काड्या, एका काडीला बोटांची भोकं, दुसरी नुसता सूर धरणारी, आणि भोपळ्यात दडलेली त्यांची एकेरी जीभ. थोडक्यात, बॅगपाइप म्हणजे एक सनई आणि तीन पुंग्या एकाच पिशवीत.

हे साम्य वरवरचं नाही, हे वाजवण्याच्या रीतीवरून कळतं. सनईवाला जिभेच्या टोकानं स्वर तोडू शकतो. पुंगीत पत्ती भोपळ्यात आणि बॅगपाइपमध्ये पिशवीत, तिथं जीभ पोचतच नाही. सूर तोडता येत नाही म्हटल्यावर एकच स्वर लागोपाठ दोनदा वाजवायचा कसा? दोहोंच्या मध्ये बोटाची झटकी देऊन दुसरा स्वर क्षणभर चाटून जायचा. बॅगपाइपवाले अशा झटक्यांची वर्षानुवर्षं तालीम करतात, त्यांची सगळी नजाकत त्यातच असते. गारुड्याच्या पुंगीतली ती वळवळ त्याच अडचणीतून जन्मली, असं माझं ठाम मत आहे.

उत्तरेतल्या लोकांनाही हे नातं ऐकू आलं होतं. गढवालात बॅगपाइपला मशकबीन म्हणतात. मशक म्हणजे भिश्त्याची पाण्याची कातडी पिशवी, आणि हिंदीत बीन म्हणजे पुंगी. यावर एक हरकत येते: बीन हा शब्द वीणेवरून आला, रुद्रवीणेलाही बीनच म्हणतात, तेव्हा तो कुठल्याही वाद्याला लागू शकतो, त्यावर इमला बांधू नये. मला ती पटत नाही. चाल ऐकूनच नाव द्यायचं असतं तर शहनाई हा शब्द घरोघरी तयार होता. चालीची नळी तिच्याच जातीची आहे. तरी बीन म्हटलं गेलं, कारण त्यांच्या कानात आधी भरला तो खालचा न थांबणारा सूर. नाव ठेवणाऱ्यांचा कान तयार होता.

वाद्याचा जगातला प्रवास सर्वांना ठाऊक आहे. रोमचा सम्राट नीरो पिशवीचं वाद्य वाजवून दाखवायचा नवस बोलला होता, असं स्वेटोनियसनं लिहून ठेवलंय. तेराव्या शतकात कास्तीलच्या दहाव्या अल्फोन्सोनं करवून घेतलेल्या भजनसंग्रहाच्या चित्रांत बॅगपाइप आहेत. त्याच चित्रांत आणखी एक वाद्य आहे, ज्याकडं पाहणारे घाईनं पुढं जातात: नळीच्या तोंडाशी जनावराच्या मूत्राशयाचा फुगा बांधलेला. पुंगीतला भोपळा काढून तिथं फुगा बसवला की हे वाद्य झालं. हा फुगा मोठा करून काखेत धरला की झाला बॅगपाइप. भोपळा, फुगा, पिशवी अशी ही चढण आहे, असं मी मानतो.

भारतात हे वाद्य गोऱ्या पलटणींनी आणलं, हे मत सर्रास ऐकू येतं. गढवालच्या मशकबिनीपुरतं ते खरं आहे. पलटणीतून गावी परतलेल्या शिपायांनी ती लग्नाच्या वरातीत नेली. आपल्या भागातही पलटणीचा ठसा आहे. अर्धापूरहून वर हिंगोलीला हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती, आणि लग्नातला बँड, त्यातली क्लॅरिनेट, सगळं लष्करी बँडांच्याच वाटेनं आलं. पण देगलूर-बिलोली ओलांडून तेलुगू मुलखात गेलं की तित्ती भेटते. अख्ख्या शेळीचं कातडं, एका पायात फुंकणी, दुसऱ्या पायात सुराची नळी. चाल वाजवायची नळीच नाही. गाणाऱ्यांना नुसता सूर पुरवायचा. तमिळ मुलखात तिला श्रुती-उपांग म्हणतात. स्कॉटिश शिपायाची नक्कल करणारा माणूस चाल टाकून फक्त खालचा सूर उचलेल, हे मनाला पटत नाही. राजस्थानात भैरूजीचे भोपे मशक वाजवतात, तीही पलटणीबाहेरची परंपरा. माझ्या मते तित्ती इथलीच.

मग मराठवाड्यात पिशवी का आली नाही? सनई होती, पुंगी होती, सुराची गरज होती. गोंधळ्याचं तुणतुणं आणि वारकऱ्याची वीणा ही गरज रोज सांगतात. कोणी म्हणेल, चामड्याचा विटाळ. पण मोटेचं आणि पखालीचं पाणी सगळा गाव वापरायचा, हलगी-संबळ चामड्याचेच, आणि विटाळ तर तेलुगू मुलखातही होता. हे कारण टिकत नाही.

खरं कारण सनईच्या ताफ्यातच आहे. मुख्य सनईवाला गालात वारा भरून ठेवतो आणि नाकानं श्वास घेताना गालातला वारा आत सोडतो. पिशवी त्याच्या तोंडातच असते. आणि खालचा सूर धरायला शेजारी दुसरा वादक असतो. त्याच्या सनईवर चाल वाजत नाही, त्यानं फक्त सूर अखंड ठेवायचा. तो बहुधा मुलगा, पुतण्या किंवा शागीर्द. त्याचं शिक्षण तिथंच सुरू होतं: आधी न तुटणारा दम, गालाची सवय, कान सुराला बांधून घेणं, आणि मग कधीतरी चालीची सनई हातात येणार. पिशवी आली असती तर या पोराची जागा गेली असती, आणि पुढच्या पिढीचा सनईवाला घडायची सोयही. ताफ्याची बिदागी घरातच राहायची, हेही होतंच. तेलुगू मुलखात सूर हवा होता तो गाणाऱ्यांना; तिथं कुणाला वादक घडवायचा नव्हता, म्हणून कातड्यानं भागलं.

आता मांडवात सुराला विजेवरची पेटी असते. बटण दाबलं की पट्टी लागते, आणि पुष्कळ ठिकाणी सनईवाला एकटाच येतो.