पडद्यावर उमटलेले आकडे : १९६९

मुखेडहून नांदेडला अभियांत्रिकी शिकावयास गेलेल्यांना जुन्या ऑसिलोस्कोपचा हिशेब आठवेल: पडद्यावरच्या चौकटी मोजायच्या आणि बटणावरच्या आकड्याने गुणायचे. प्रोब संकेत दहापट लहान करतो, हे विसरले की उत्तरही दहापट चुकलेच.

१९६९ साली अमेरिकेच्या टेक्ट्रॉनिक्स कंपनीने ७००० मालिकेत हे आकडे थेट पडद्यावर आणले. तेही पहिला व्यापारी मायक्रोप्रोसेसर बाजारात येण्याच्या दोन वर्षे आधी!

युक्ती विलक्षण होती. प्रत्येक अक्षराला तक्त्यातील ओळ व स्तंभ असा पत्ता दिलेला. तो पत्ता सांगत दोन विद्युतप्रवाह, ०.१ मिलिअँपिअरच्या पायऱ्यांनी. बटण फिरवले की रोध बदलत, रोध बदलले की प्रवाह, आणि प्रवाहाबरोबर अक्षर. अक्षरांचे आकार बॅरी गिल्बर्ट यांनी रचलेल्या चिपांत, ट्रान्झिस्टरच्या एमिटरच्या क्षेत्रफळात साठवलेले होते. स्मृती म्हणजे इथे निव्वळ भूमिती.

लेखणी मात्र एकच. तोच इलेक्ट्रॉन-झोत तरंग सोडून क्षणभर अक्षर काढी आणि परते. डोळ्यास दोन्ही एकाच वेळी दिसत. प्रोबच्या जोडणीवरील जास्तीच्या संपर्कामुळे दहापटीचा हिशेबही यंत्रच करी. या ये-जा करण्यात तरंगरेषेला कधी बारीक खंड पडे, म्हणून अक्षरे बंद करण्याची सोयही ठेवली होती.