पाठीवरचे काटे

मृग नक्षत्राचा पाऊस पडला की आपल्याकडे लाल मखमली अंगाचा एक इवलासा किडा जमिनीवर दिसू लागतो. आपण त्याला मृगाचा किडा म्हणतो. ‘मखमली कृमी’ म्हटलं की पुष्कळांना तोच आठवतो. पण मी आज बोलणार आहे ते घराणं निराळं. मृगाचा किडा कोळ्याच्या गोतातला, आठ पायांचा. मखमली कृमी मात्र अळीसारखा लांबट आणि मऊ. आखूड पायांच्या अनेक जोड्यांवर तो संथपणे चालतो, ओलसर जागी राहतो आणि चिकट द्रवाची पिचकारी मारून भक्ष्य पकडतो. त्याच्या दोनशेहून अधिक जाती आज पृथ्वीवर आहेत.

या घराण्याचा एक फार जुना, नष्ट झालेला नातेवाईक म्हणजे हॅल्युसिजेनिया. सुमारे ५० कोटी ८० लाख वर्षांपूर्वी तो समुद्राच्या तळाशी राहत होता. लांबी एक ते पाच सेंटिमीटर. पण या एवढ्याशा जीवाची वरची बाजू कोणती, खालची कोणती, डोकं कुठे आणि शेपूट कुठे, एवढं ठरवायला माणसाला शंभरावर वर्षं लागली!

गोष्ट सुरू होते १९०९ साली. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख चार्ल्स वॉलकॉट यांना कॅनडात, ब्रिटिश कोलंबियातल्या रॉकी पर्वतात, बर्जेस शेल नावाचा खडक सापडला. एरवी जीवाश्म म्हटले की शंख-शिंपले, हाडं, दात. इथे मात्र समुद्रतळाचा चिखल घसरून मऊ अंगाचे प्राणीही झटकन गाडले गेले होते आणि त्यांचे ठसे दगडात टिकले होते. १९२४ पर्यंत वॉलकॉट यांनी इथून ६५ हजारांहून अधिक नमुने गोळा केले. त्यातल्या एका चिमुकल्या प्राण्याचं वर्णन त्यांनी १९११ साली केलं. अंगावर टोकदार काड्या दिसल्या, म्हणून तो समुद्रातला केसाळ कृमी ठरला आणि ‘कॅनेडिया’ या वंशात जमा झाला. नमुना कपाटात गेला.

पुढे केंब्रिजचे तरुण संशोधक सायमन कॉन्वे मॉरिस यांनी तो पुन्हा पाहिला. हा केसाळ कृमी नव्हे, हे त्यांनी ओळखलं. काट्यांच्या सात जोड्या होत्या आणि विरुद्ध बाजूला मऊ लोंबत्या नळ्यांची एकच रांग दिसत होती. एकाच रांगेवर प्राणी उभा कसा राहणार? म्हणून काटे म्हणजे पाय आणि नळ्या पाठीवरच्या, अशी जुळणी त्यांनी केली. स्वप्नात दिसावा तसा हा विचित्र जीव, म्हणून १९७७ साली त्याला नाव दिलं हॅल्युसिजेनिया. १९८९ साली स्टीफन जे गूल्ड यांच्या ‘वंडरफुल लाइफ’ या पुस्तकातून तो सर्वसामान्य वाचकांपर्यंतही पोहोचला.

उलगडा आला चीनमधून. युन्नान प्रांतात चेंगज्यांग इथे सापडलेल्या आणखी जुन्या जीवाश्मांमध्ये अशाच प्राण्यांचे भाऊबंद होते. त्यांचे पाय मऊ होते आणि जोडीजोडीने होते. त्यावरून १९९१ साली लार्स रॅमस्कोल्ड आणि हौ शियानग्वांग यांनी सांगितलं, की हॅल्युसिजेनियाला आपण उलटा उभा केला आहे. काटे पाठीवरचे, संरक्षणासाठी. नळ्या हेच पाय. मग पायांची दुसरी रांग कुठे? पुढच्याच वर्षी रॅमस्कोल्ड यांनी ती दाखवून दिली. ती होती त्याच जुन्या दगडात, खडकाच्या थराखाली दडलेली. कॉन्वे मॉरिस यांनीही पुढे ही दुरुस्ती मान्य केली.

तरी डोक्याचा प्रश्न उरलाच. एका टोकाला काळसर गोळा दिसे, त्यालाच काही जण डोकं समजत. २०१५ साली मार्टिन स्मिथ आणि ज्याँ-बर्नार्ड कॅरों यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नमुने तपासले. गोळा म्हणजे कुजताना शरीरातून बाहेर आलेल्या द्रवाचा डाग निघाला! दुसऱ्या टोकाला डोळ्यांची जोडी आणि तोंडाभोवती दातांचं कडं सापडलं.

नातं पक्कं होण्याला मात्र जिवंत प्राण्याची मदत झाली. २०१४ साली स्मिथ आणि हावियेर ओर्तेगा-हर्नांडेझ यांनी हॅल्युसिजेनियाच्या नखांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकात एक थर त्या नखांत आहेत. तशीच रचना आजच्या मखमली कृमीच्या नखांत आणि जबड्यांत आढळते.

यातला एक भाऊबंद आपल्या देशातही आहे. वॉलकॉट कॅनडातल्या नमुन्याचं वर्णन करत होते त्याच १९११ साली, आजच्या अरुणाचलातल्या सियांग खोऱ्यात इंग्रजांची अबोर मोहीम निघाली. तिच्यासोबत गेलेले प्राणिशास्त्रज्ञ स्टॅनली केम्प यांना तिथे मखमली कृमी मिळाला. १९१३ साली त्याचं नाव ठेवलं टिफ्लोपेरिपॅटस विल्यमसोनाय. नंतर तो जणू हरवलाच. एकशे दहा वर्षं उलटून गेल्यावर भारतीय संशोधकांना तो त्याच खोऱ्यात पुन्हा सापडला.

संग्रहालयातल्या वस्तू धूळ खात पडल्या आहेत, असं आपण सहज बोलून जातो. इतिहासात अस्सल कागदाचं जे मोल, तेच इथे त्या दगडाचं. अर्थ चार वेळा बदलला, तरी दगड जागेवर होता, म्हणून प्रत्येक पिढीला तो नव्याने वाचता आला. आणि भाऊबंद जंगलात शिल्लक होते, म्हणून वाचलेलं ताडून पाहता आलं. कपाट आणि जंगल, दोन्ही राखायला हवीत ती यासाठी.