वेल नसलेली मिरवेल

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या शेडच्या उत्तरेला, टाकीच्या सावलीत, कुंडीत मिऱ्याचे झुडूप आहे. गुडघ्याएवढे, बारमाही हिरवे. दाराशी बसणारे मामा विचारतात, “साहेब, मिरवेल म्हणता, मग ही चढत कशी नाही?”

मिरवेलीला दोन तऱ्हेच्या फांद्या असतात. एक पेरापेराला मुळ्या फोडून सुपारीला बिलगत चढते. दुसरी आडवी वाढून नुसते घोस धरते. ही दुसरी रुजवली की झुडूपच होते. रोपवाटिकेत त्याला ‘बुश पेपर’ म्हणतात. मी ‘झुडपी मिरी’ म्हणतो. अमरकोशात मिऱ्याचे एक नाव ‘वेल्लज’ आहे. मला तरी त्यात वेल ऐकू येते, आणि माझी कुंडी त्या नावाला खोटे पाडते.

अमरकोशातलेच दुसरे नाव मरिच. प्राकृतात त्याचा ‘च’ झिजून ‘मिरिअ’ झाले, त्याचे मराठीत मिरे. उत्तरेकडच्या ‘मिर्च’मध्ये मात्र ‘च’ टिकला. गंमत पुढेच आहे. पोर्तुगीज आल्यावर अमेरिकेतले एक तिखट फळ इकडे पोचले आणि मिऱ्याच्या नावावर बसले: मिरची. म्हणजे नव्या फळाच्या नावात जुना ‘च’, आणि जुन्या फळाच्या नावातून तो गेलेला! सोलापुरात हे एकट्या मराठीत घडलेले नाही. मामा घरी तेलुगू बोलतात. त्यांचे मिरे म्हणजे मिरियालु आणि मिरची म्हणजे मिरपकाय. कन्नडात मिरची म्हणजे मेणसिनकायी, मेणसाची म्हणजे मिऱ्याची शेंग. घरच्या मेणसाला मात्र ओळख पटवायला ‘काळुमेणसु’, दाण्याचा मेणसु, व्हावे लागले. आपणही ‘काळी’ मिरी म्हणतोच. इंग्रजांचा ‘पेपर’ तर आपल्या पिप्पलीवरून निघाला. नाव लांब पिंपळीचे, चिकटले गोल मिऱ्याला.

एक वाक्प्रचार तेवढा मिऱ्याने राखला. मिरची नाकाला झोंबते. पण कुणाच्या डोक्यावर वाटायची तर मिरीच लागतात.

मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या वर गेला की कुंडीला ओले गोणपाट गुंडाळतो. पाणी बेतानेच, साचले की मूळ कुजते. यंदा पहिला घोस धरला. मामांनी दोन हिरवे दाणे दाढेखाली फोडले, डोळे मिटले आणि म्हणाले, “मिरियालुच की!”