वैद्यकाच्या सूचीतली माणसे

वैद्यकीय लेखांच्या सूचीत रोग, औषधे आणि अवयव यांच्याबरोबर माणसांचीही वर्गवारी करावी लागते. लेख मधुमेहावरचा आहे एवढे कळून डॉक्टरचे भागत नाही. तो लहान मुलांविषयी आहे की म्हाताऱ्यांविषयी, गरोदर बायकांविषयी की कैद्यांविषयी, हेही त्याला आधी कळायला हवे असते. आज जगभर ही वर्गवारी मुख्यतः ज्या यादीवरून होते, ती अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची ‘मेडिकल सब्जेक्ट हेडिंग्ज’. ग्रंथपालांच्या बोलण्यात तिचे नाव ‘मेश’.

या यादीचे मूळ लष्करात आहे. वॉशिंग्टनमध्ये लष्कराच्या सर्जन जनरलच्या कार्यालयाचे एक ग्रंथालय होते; तेच पुढे राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय झाले. यादवी युद्ध संपले त्या वर्षी, १८६५ साली, ते जॉन शॉ बिलिंग्ज या लष्करी शल्यवैद्याच्या हाती आले. १८७९ मध्ये त्याने ‘इंडेक्स मेडिकस’ हे मासिक सुरू केले आणि पुढच्याच वर्षी ग्रंथालयाच्या ‘इंडेक्स कॅटलॉग’चा पहिला खंड काढला. त्याची पद्धत साधी होती. नव्या नियतकालिकांचे गठ्ठे तो रात्री घरी नेई, घेण्याजोग्या लेखांवर पेन्सिलीने खूण करी, आणि कारकून त्या खुणांबरहुकूम एकेक कार्ड लिहून काढत. १८९५ पर्यंत या कार्डांचे सोळा जाडजूड खंड झाले. मांडणी वर्णानुक्रमाची होती. त्यामुळे माणसांचे गट कुठे एकत्र आले नाहीत. अक्षर जिथे नेईल तिथे ते जाऊन बसले.

याच बिलिंग्जकडे अमेरिकेच्या १८८० आणि १८९० च्या जनगणनांतल्या जन्ममृत्यूच्या आकडेवारीचे काम होते. ही मोजदाद यंत्राने करता येईल, अशी सूचना त्याने बोलता बोलता हर्मन हॉलेरिथ या तरुण अभियंत्याला केली. तिचे श्रेय पुढे हॉलेरिथनेच त्याला दिले. १८९० च्या जनगणनेत प्रत्येक माणसासाठी एक कार्ड झाले. त्यावर लिंग, वय, वंश यांची भोके पडू लागली आणि यंत्र ती भोके मोजू लागले. लेखांची कार्डे आणि माणसांच्या कार्डांची मूळ सूचना, दोन्हींमागे एकच माणूस होता. मेशमधला माणूस जनगणनेतल्या माणसासारखा का दिसतो, ते इथे थोडेफार कळते.

विसाव्या शतकात लेख इतके वाढले की शीर्षके ज्याला सुचतील तशी देऊन चालेना. १९५४ मध्ये ग्रंथालयाने शीर्षकांची अधिकृत यादी छापली. १९६० मध्ये फ्रँक रॉजर्स संचालक असताना मेशची पहिली आवृत्ती निघाली; तिच्यात चार हजारांहून अधिक शीर्षके होती. १९६३ च्या आवृत्तीत ती वर्णानुक्रमाबरोबर विषयवारही मांडली गेली. १९६४ पासून सूची संगणकावर तयार होऊ लागली. विषयवार मांडणीतून पुढे ‘झाडे’ उभी राहिली: एका शीर्षकाखाली दुसरे, त्याखाली तिसरे, आणि प्रत्येकाला अक्षर आणि आकडे मिळून झालेला क्रमांक. शीर्षकांची संख्या आज तीस हजारांच्या घरात आहे.

माणसांचे झाड ‘एम’ या अक्षराचे. त्याच्या फांद्या वाचताना कुणालाही गंमत वाटावी. रुग्ण, अवयवदाते, रुग्णाला भेटायला येणारे, जुळी मुले, अनाथ मुले, कैदी, निर्वासित, बेघर, खेळाडू, अंतराळवीर, धर्मोपदेशक, प्रसिद्ध व्यक्ती. गावच्या जत्रेतही इतकी विविध मंडळी एका रांगेत उभी राहत नाहीत. एरवी त्यांच्यात काही समान नाही; कुणा तरी वैद्याने त्यांच्यावर लेख लिहिला, एवढाच त्यांचा एकमेकांशी संबंध. ‘मानव’ हे शीर्षक मात्र या झाडावर नाही. ते ‘बी’ या सजीवांच्या झाडावर, वानरकुळाच्या फांदीला लागलेले आहे. एकच माणूस प्राणी म्हणून एका झाडावर आणि रुग्ण किंवा कैदी म्हणून दुसऱ्यावर, अशी ही व्यवस्था आहे.

सूचीकाराच्या रोजच्या कामात या झाडापेक्षा ‘चेक टॅग’ अधिक येत. त्याच्या छापील फॉर्मवर चौकटी असत: मानव, प्राणी, पुरुष, स्त्री, गरोदरपण आणि वयोगट. प्रत्येक लेखासाठी प्रत्येक चौकट पाहायची आणि लागू असेल तिथे खूण करायची. नाव त्यावरूनच पडले. वयाच्या रेषा काटेकोर आहेत. जन्मापासून एक महिना नवजात, पुढे तेवीस महिन्यांपर्यंत अर्भक, दोन ते पाच शाळेआधीचे मूल, सहा ते बारा मूल, तेरा ते अठरा किशोर, एकोणीस ते चव्वेचाळीस प्रौढ, पंचेचाळीस ते चौसष्ट मध्यमवयीन, पासष्टपासून वृद्ध, आणि ऐंशीपासून वेगळा गट. मराठी घरात मूल तान्हे असते, मग रांगते, मग दुडदुडते. सूचीला रांगणे कळत नाही, महिने कळतात. २००९ मध्ये एकोणीस ते चोवीस वयाचा ‘तरुण प्रौढ’ हा गट वाढवला गेला. म्हणजे त्याआधी वीस वर्षांची मुलगी आणि तिची चाळिशीतली आई सूचीत एकाच वयाच्या होत्या.

या रेषांचा उपद्रव शोधताना होतो. समजा एका चाचणीत सोळा ते सत्तर वयाचे लोक घेतले. सूचीकार किशोरापासून वृद्धापर्यंत सगळ्या चौकटींवर खूण करणार. मग किशोरांचा आजार शोधणाऱ्या डॉक्टरपुढे हा लेखही येतो आणि त्यात सोळा वर्षांचे दोघेच होते, हे लेख उघडल्यावर कळते. सूचीकाराचे काही चुकलेले नसते. चौकट ‘आहे की नाही’ एवढेच विचारते, ‘किती’ ते विचारत नाही.

झाडावरचे काही शब्द आपल्या मागचे गृहीतक उघडे करतात. ‘फिजिशियन्स, विमेन’ म्हणजे स्त्री डॉक्टर असे शीर्षक आहे, पुरुष डॉक्टर असे नाही. उलट ‘नर्सेस, मेल’ असे शीर्षक आहे, स्त्री परिचारिकांचे वेगळे नाही. ज्याला वेगळे शीर्षक द्यावे लागते, तो त्या व्यवसायात पाहुणा समजला गेला, असाच याचा अर्थ. आनंदीबाई जोशींवरचा लेख या पहिल्या शीर्षकाखाली शोभून दिसतो. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेताना त्यांनी आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला होता. तिथेही रुग्णांचा गट त्या काळच्या वंशाच्या भाषेतच सांगितलेला होता.

वंशाच्या शीर्षकांचा इतिहास सर्वांत अवघड. जर्मन शरीरशास्त्रज्ञ ब्लुमेनबाख याने १७९५ मध्ये मानवाचे पाच प्रकार सांगितले आणि ‘कॉकेशियन’ हा शब्द रूढ केला. त्या परंपरेतले शब्द मेशमध्ये २००३ पर्यंत टिकले. ‘रेशियल स्टॉक्स’ या फांदीखाली कॉकेसॉइड, मंगोलॉइड, निग्रॉइड आणि ऑस्ट्रेलॉइड अशा चार ‘रेस’ होत्या. मानववंशशास्त्राने टाकून दिलेले हे शब्द वैद्यकाच्या सूचीत इतकी वर्षे का राहिले? याचे उत्तर निम्मे आळसात आहे आणि निम्मे व्यवहारात. शीर्षक बदलले की जुने लेख नव्या नावाने सापडायला हवेत, आणि लेखकांनी स्वतःच ते शब्द वापरलेले असतात. २००४ च्या यादीत त्यांच्या जागी खंडांवरून पूर्वज सांगणारी शीर्षके आली: आफ्रिकी खंडाचे, युरोपीय खंडाचे, आशियाई खंडाचे वंशज. भोपाळ, बीजिंग आणि बगदाद एका खंडात बसवल्याने वैद्याला काय कळावे, हा प्रश्न राहिलाच. या दशकाच्या सुरुवातीला तीही शीर्षके गेली आणि लोकांच्या रोजच्या वापरातले साधे शब्द आले.

भारतीय वाचकाला यात एक वेगळीच उणीव जाणवते. ‘कास्ट’ म्हणजे जात हा शब्द मेशमध्ये स्वतंत्र शीर्षक नाही. तो ‘सोशल क्लास’कडे, म्हणजे सामाजिक वर्गाकडे, वळवणारा पर्यायी शब्द आहे. त्यामुळे जात आणि कुपोषण यांवरचा लेख ब्रिटनमधल्या कामगारवर्गावरच्या लेखाशेजारी जाऊन बसतो. भिल्ल किंवा कातकरी यांना शीर्षक नाही, आमिश लोकांना आहे. विदर्भातल्या आदिवासींच्या सिकलसेलचा अभ्यास शोधणाऱ्याला शेवटी जमातीचे नाव जसेच्या तसे टाइप करावे लागते, आणि त्या नावाची इंग्रजी स्पेलिंगे लेखागणिक वेगळी असतात.

नाव बदलण्याची रीत नीट पाहण्यासारखी आहे. वर्षअखेरीस नवी यादी लागू होते आणि संगणकातल्या जुन्या नोंदींवरही नवे नाव चढते. १९७० च्या लेखावर आज एकविसाव्या शतकातले शीर्षक दिसते, जणू ते पहिल्यापासून तिथेच होते. मतिमंदत्वासाठीचा ‘मेंटल रिटार्डेशन’ हा शब्द अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यातून २०१० मध्ये काढला गेला. पुढे मेशमध्ये त्या जागी ‘इंटलेक्चुअल डिसॅबिलिटी’ आले, आणि जुन्या नोंदी त्याच नावाखाली आल्या. शोधणाऱ्याची सोय झाली हे खरे. पण कोणत्या वर्षी लोकांना काय म्हटले जात होते, हे पाहायचे तर छापील ‘इंडेक्स मेडिकस’च उघडावा लागतो. तो २००४ च्या अखेरीस छापायचा बंद झाला. त्याची पाने कुणी बदललेली नाहीत.

२०२२ पासून ‘मेडलाइन’ या ग्रंथालयाच्या संगणकीय सूचीतील लेखांचे सूचीकरण मुख्यतः संगणकप्रणाली करते. माणसे तिचे काम तपासतात. सूचीकार पूर्वी लेख उघडून ‘पद्धती’चा भाग पाही, कारण सहभागी किती वर्षांचे होते, पुरुष किती आणि स्त्रिया किती, हे बहुधा तिथेच लिहिलेले असते. प्रणालीचा आधार मुख्यतः लेखाचे नाव आणि सारांश हा आहे. लेखकाने वय सारांशात लिहिले नाही, तर वयाची चौकट रिकामी राहण्याचा धोका असतो.