‘डायव्हर्ट’ : एका शब्दाचीं दोन वळणें

पाणी वळविणें आणि मन रमविणें यांचा परस्परांशीं काय संबंध? इंग्रजीनें मात्र दोहोंना एकच शब्द दिला आहे : ‘डायव्हर्ट’. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ बाजूला वळणें. तो फ्रेंचमार्गें १५ व्या शतकाच्या सुमारास इंग्रजींत आला. १७ व्या शतकांत त्याला दोन नवे अर्थ फुटले : शत्रूचें लक्ष भलतीकडे ओढणारी लष्करी हुलकावणी, आणि करमणूक.

त्याच शतकांत फ्रान्समध्यें पास्कालनें या करमणुकीची झडती घेतली. त्याच्या मृत्यूनंतर १६७० सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘पांसे’ या ग्रंथांत तो सांगतो कीं, मनुष्य करमणुकीमागें धांवतो तो स्वतःच्या स्थितीचा विचार टाळण्यासाठीं.

आपल्यालाही ही कल्पना परकी नाहीं. ‘डायव्हर्ट’मधील लॅटिन धातु आणि ‘निवृत्ति’मधील संस्कृत ‘वृत्’ एकाच कुळांतले होत. ‘विनोद’ शब्दांतील ‘नुद्’ म्हणजे ढकलणें. दुःख दूर सारतो तो विनोद!

पण दूर सारलेलें कोठें जातें? १९६४ सालीं पुरें झालेलें कोयना धरण पाहा. कृष्णेला मिळणाऱ्या कोयनेचें बरेंच पाणी तेथून बोगद्यांवाटे पश्चिमेकडे वळतें, वीज देतें आणि अरबी समुद्रास मिळतें. वळविलेला प्रवाह नाहींसा होत नाहीं. मनाचेंही तसेंच आहे. म्हणून तें कशापासून वळलें आणि कोठें चाललें, हे दोन्ही प्रश्न करमणुकीच्या वेळींही विचारणें अगत्याचें आहे.